गार्डन सेंटरचं नूतनीकरण: पाट्या आणि बोर्ड कसे आखावेत, कसे बसवावेत

गार्डन सेंटरचं नूतनीकरण निघालं की फरसबंदी, शेडनेट, झाडांची बाकं आणि बिलिंग काउंटर यांचे हिशेब आधी होतात. बोर्डांचा विषय उद्घाटनाच्या आठवड्यापर्यंत मागे पडतो. मग घाईत फ्लेक्स छापून येतात आणि जागा दिसेल तिथे टांगले जातात. दोन महिन्यांत 'फुलझाडे' ही पाटी फांद्यांआड जाते, 'सावलीतली झाडं' या बोर्डाखाली गुलाब मांडलेले असतात आणि ग्राहक पुन्हा माळ्याला हाक मारून विचारायला लागतात.

इतर दुकानांसाठी वापरलेली पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही, कारण इथला माल वाढतो. तो उंच होतो, पसरतो आणि हंगामानुसार जागा बदलतो. त्यावर रोज पाणी पडतं, खतांचे क्षार उडतात, वरून दिवसभर ऊन असतं. त्यामुळे आखणी करताना एक नियम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाळावा: जे जागेवरून हलणार नाही त्यालाच पक्का बोर्ड द्यायचा आणि जे हलतं, बदलतं किंवा संपतं त्याला एका माणसाला दोन मिनिटांत बदलता येईल अशी पाटी द्यायची. पुढचे साहित्याचे, मापांचे, पायाचे निर्णय याच नियमावरून ठरतात.

आधी चालून पाहा

डिझायनरला बोलावण्याआधी मालकाने किंवा व्यवस्थापकाने स्वतः रस्त्यापासून बिलिंगपर्यंत ग्राहकाच्या वाटेने चालावं. एकदा रिकाम्या हाताने आणि एकदा भरलेली ट्रॉली ढकलत. ट्रॉली हातात असली की नजर खाली राहते आणि वळणं मोठी घ्यावी लागतात. रिकाम्या हाताने सहज दिसणारे बोर्ड तेव्हा दिसेनासे होतात.

जिथे पाय थबकतात ती प्रत्येक जागा नकाशावर खुणेने नोंदवा. फाटक, गाड्या लावायची जागा, आत शिरल्यावरचं पहिलं वळण, शेडनेटचं तोंड, कुंड्यांकडे जाणारी वाट, बिलिंगची रांग. अशा प्रत्येक ठिकाणी ग्राहकाच्या मनात एखादा प्रश्न असतो: आत गाडी न्यायची की नाही, घरातली झाडं कुठे, माती सुटी मिळते का, पैसे कुठे द्यायचे. बोर्डाने त्या जागी त्याच प्रश्नाचं उत्तर द्यावं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कितीही सुंदर छापलं तरी तिथे ते अडगळच होतं.

याहून चांगली माहिती कर्मचाऱ्यांकडे असते. काउंटरवर आणि आतल्या माळ्यांकडे एकेक वही ठेवा. ग्राहकाने जे विचारलं ते आणि जिथे विचारलं ती जागा दोन आठवडे लिहून घ्या. त्यात एक शनिवार-रविवार गर्दीचा असावा. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न म्हणजे तुमच्या बोर्डांचा खरा मजकूर. ही वही हाताशी नसताना सुरू केलेलं डिझाइन सजावटीकडे झुकतं, असा माझा पक्का अनुभव आहे.

त्याच फेरीत आणखी काही नोंदी करून ठेवा. सकाळी आणि दुपारी ऊन कुठल्या बाजूने येतं, फवाऱ्याचं पाणी कुठवर पोचतं, ट्रॉली कुठे घासते, जवळचं झाड हंगामाच्या भरात किती उंच होतं. यातली शेवटची नोंद सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. बाकावर आज वीतभर दिसणारं रोप तीन महिन्यांनी हातभर असतं. त्यामुळे बोर्डाची खालची कड बाकाच्या उंचीवरून न ठरवता तिथे येणाऱ्या सर्वांत उंच मालावरून ठरवायची.

बोर्डांची यादी

या फेरीतून एक तक्ता तयार होतो. प्रत्येक बोर्डाला क्रमांक द्या आणि त्यापुढे जागा, अचूक मजकूर, एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा, माप, साहित्य, कशावर बसणार, प्रकाश हवा का, पक्का की बदलता हे रकाने भरा. हेच क्रमांक नकाशावर, फाइलच्या नावात आणि तयार होऊन आलेल्या बोर्डाच्या पाठीवर हवेत. बसवणारी माणसं वेगळी असतात. त्यांच्या हातात पंचवीस एकसारखे बोर्ड येतात आणि पाठीवर क्रमांक नसेल तर त्यांना अंदाजाने काम करावं लागतं.

यादी झाली की ती कापायला बसा. एकाच ठिकाणी तीन बोर्ड असतील तर एक ठेवा. 'फुलांना हात लावू नये', 'कुंड्या उचलू नयेत', 'मुलांना सांभाळा' अशा पाट्यांची रांग लागली की लोक एकही वाचत नाहीत आणि जागेचा सूरही रागीट होतो. खरोखर धोका असेल तिथेच मनाई ठेवा.

पक्क्या यादीत सहसा एवढंच उरतं: दुकानाचं नाव, आत-बाहेरच्या वाटा, गाड्यांची जागा, विभागांची नावं, बिलिंग, स्वच्छतागृह, माल गाडीत चढवायची जागा आणि सुरक्षिततेच्या खुणा. मधल्या थरात बाकांची शीर्षकं येतात. ती कायम असतात, पण जागा बदलतात, म्हणून वरच्या पाइपवर किंवा पट्टीवर हुकाने अडकवायची. सर्वांत खालच्या थरात झाडांची माहिती, किंमत आणि सवलती येतात.

विभागांची नावं ग्राहकाच्या गरजेवरून ठेवावीत. 'शोभिवंत पर्णवर्गीय वनस्पती' असं लिहिण्यापेक्षा 'घरातली झाडं' लिहिलं की काम होतं. 'बाल्कनीसाठी', 'कडक उन्हात टिकणारी', 'वेली', 'फळझाडं', 'माती आणि खतं', 'कुंड्या' अशी नावं लांबूनही समजतात. सोबत प्रत्येक विभागाला एक अक्षर आणि बाकांना आकडे द्या. मग काउंटरवरचा माणूस 'ग मध्ये चौथं बाक' असं सांगू शकतो आणि माल हलला तरी पत्ता बदलत नाही. नव्या जागेत ही क्रमांकपद्धत पहिल्या दिवसापासून असावी. नंतर बसवायची म्हटली तर सगळंच पुन्हा रंगवावं लागतं.

अक्षरांचा आकार आणि रंग

अक्षराच्या उंचीसाठी बोर्डाच्या धंद्यात एक सोपा हिशेब रूढ आहे: ३ मीटर अंतराला २५ मिमी. एवढ्या आकाराचं अक्षर चालता चालता सहज वाचता येतं. थांबून, डोळे लावून वाचायचं असेल तर तेच अक्षर आठ-नऊ मीटरवरूनही लागतं, पण ती शेवटची मर्यादा समजा. वाटेच्या टोकापासून १२ मीटरवर असलेल्या विभागाच्या नावाला म्हणून १०० मिमी उंचीचं अक्षर धरावं.

रस्त्यावरच्या बोर्डाचा हिशेब वेगावर चालतो. ताशी ४० किमी वेगाने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. बोर्ड दिसणं, वाचणं, वळायचं ठरवणं आणि वेग कमी करणं यासाठी सहा सेकंद धरले तर तो ६६ मीटरवरून वाचता यायला हवा. तिथे २०० मिमीपेक्षा लहान अक्षर कामाचं नाही, ३०० मिमीच्या पुढे गेलात तर उत्तम. एवढं मोठं अक्षर घ्यायचं म्हणजे शब्द कमी करावे लागतात. नाव, 'गार्डन सेंटर' आणि बाण एवढं पुरेसं आहे. फोन नंबर, शाखा, विकल्या जाणाऱ्या वस्तूंची यादी यातलं काहीही चालत्या गाडीतून वाचलं जात नाही.

वरचे आकडे देवनागरीसाठी वापरताना उंची मूळ अक्षराची मोजा, म्हणजे शिरोरेषेपासून 'क' किंवा 'म' च्या पायापर्यंत. वरची वेलांटी, मात्रा, रफार आणि खालचा उकार यांना वेगळी जागा लागते. 'कुंड्या आणि मूर्ती' या ओळीला 'माल' या शब्दापेक्षा बरीच जास्त उभी जागा हवी असते. ती न सोडल्यामुळे खालच्या ओळीचे रफार वरच्या ओळीच्या उकारात घुसतात. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजी मजकुरापेक्षा मोकळं ठेवा. बारीक रेघांचे किंवा फार नक्षीदार फॉन्ट लांबून विरघळतात. मध्यम जाडीचा, पोटं मोकळी असणारा फॉन्ट घ्या. निवडण्याआधी त्यात 'ष्ट', 'द्ध', 'र्व', 'ऱ्या' लिहून दहा पावलांवरून पाहा.

रंगाच्या बाबतीत गार्डन सेंटरला एक मोह हमखास होतो: हिरवा बोर्ड. पानांच्या गर्दीत हिरवा बोर्ड हरवतो. दुकानाचा रंग हिरवाच असेल तर अगदी गडद, काळ्याकडे झुकणारा हिरवा घ्या आणि अक्षरं पांढरी किंवा फिक्या पिवळसर रंगाची ठेवा. मातीचा तांबूस, कोळशाचा राखाडी हे रंगही झाडांपुढे उठून दिसतात. डिझाइनचा नमुना आला की तो झाडांच्या फोटोवर ठेवून कृष्णधवल करा. तेव्हाही अक्षरं स्वच्छ वाचता आली तर उठाव पुरेसा आहे. लाल आणि हिरवा यांतला फरक न दिसणारे लोक बरेच असतात, म्हणून 'हिरवा ठिपका सोपं झाड, लाल ठिपका अवघड झाड' अशा खुणा नुसत्या रंगावर सोडू नका. सोबत आकार किंवा शब्द द्या.

झाडाची पाटी

ग्राहक सर्वांत जास्त वेळ झाडाच्या पाटीसमोर उभा राहतो. बाकी बोर्ड त्याला झाडापर्यंत आणतात, पण झाड घ्यायचं की नाही ते या पाटीवर ठरतं. म्हणून इथे घाई करू नका.

वर मोठ्या अक्षरांत रुळलेलं नाव आणि त्याखाली लहान अक्षरांत शास्त्रीय नाव लिहा. शास्त्रीय नाव सोडू नये, कारण रुळलेली नावं फसवी असतात. नुसतं 'चाफा' लिहिलं तर कुणाला सोनचाफा हवा असतो, कुणाला देवळापाशी दिसणारा पांढरा चाफा, कुणाला हिरवा, कुणाला कवठी. सोनचाफा आणि कवठी चाफा मॅग्नोलिया कुळातले, पांढरा चाफा म्हणजे प्लुमेरिया, तर हिरवा चाफा म्हणजे आर्टाबॉट्रिस. पानगळ, उंची, पाणी सगळंच वेगळं. लिनियसने १७५३ साली 'स्पीसीज प्लांटेरम'मध्ये वनस्पतींसाठी सरसकट वापरलेली दोन शब्दी नावं आजही नेमका हाच गोंधळ टाळतात. संकरित किंवा निवडक वाणाचं नाव असेल तर ते शास्त्रीय नावानंतर एकेरी अवतरणात लिहितात.

त्यानंतर चार गोष्टी, नेहमी त्याच क्रमाने: ऊन किती, पाणी किती, पूर्ण वाढल्यावर उंची आणि पसारा किती, कुंडीत चालेल की जमिनीतच लावायला हवं. ऊन-पाण्यासाठी खुणा वापरा, पण शेजारी शब्दही ठेवा. 'पूर्ण ऊन' म्हणजे दिवसाला किमान सहा तास थेट ऊन, हे विभागाच्या एका मोठ्या बोर्डावर एकदाच समजावून सांगा. पाणी 'मध्यम' लिहिण्यापेक्षा 'वरची माती बोटभर कोरडी झाली की' लिहिलं तर नवख्यालाही कळतं.

विषारी झाडांवर तसं स्पष्ट लिहिलंच पाहिजे. कण्हेर, अडेनियम, धोतरा, डायफेनबाकिया ही सहज विकली किंवा दिसणारी झाडं आहेत आणि ती तोंडात गेली तर त्रास होतो. कण्हेर तर जीवघेणी ठरू शकते. 'पानं-चीक विषारी, मुलं आणि पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवा' एवढी एक ओळ पुरते. खप कमी होईल या भीतीने ती गाळू नका.

किंमत माहितीच्या पाटीवर छापू नका. किंमत बदलते, माहिती बदलत नाही. दोन्ही एकत्र छापल्या की एक आकडा बदलायला सगळं पुन्हा छापावं लागतं, किंवा स्टिकरवर स्टिकर चढत जातात. किंमतीसाठी वेगळी छोटी चकती किंवा सरकवायची पट्टी ठेवा.

या पाट्या कशाच्या करायच्या? साधा कागद ॲक्रिलिकच्या खिशात घातला की आत वाफ धरते आणि आठवड्यात शाई पसरते. लॅमिनेशन करायचंच असेल तर प्लास्टिकची कड कागदाच्या बाहेर किमान ५ मिमी राहू द्या आणि भोक त्या कडेतच पाडा. कागदाला भोक पडलं की तिथून पाणी शिरतं. कायमच्या वापरासाठी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टरचा सिंथेटिक कागद घ्या. लेबल प्रिंटर घेणार असाल तर रेझिन रिबनवर, म्हणजे राळेची शाई असलेल्या फितीवर, चालणारा घ्या. बिलाच्या यंत्रासारखी नुसत्या उष्णतेवर उमटणारी छपाई उन्हात पुसट होत जाते. हाताने लिहायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर मार्करपेक्षा मऊ शिसपेन्सिल जास्त टिकते, कारण ग्रॅफाइटवर उन्हाचा परिणाम होत नाही.

साहित्य निवडताना

फ्लेक्स स्वस्त आणि झटपट असतो, म्हणून काम चालू असतानाचे 'दुकान सुरू आहे, वाट इकडून' असे तात्पुरते बोर्ड त्यावर करावेत. पक्क्या कामात तो वापरू नये. तो सैल पडतो, वाऱ्याने कडा फाटतात आणि रंग उडतो.

सनबोर्ड, म्हणजे पीव्हीसी फोम शीट, छपराखाली चांगला. थेट उन्हात, विशेषतः गडद रंगात, तो तापून वाकतो. साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडू लागतो आणि उन्हातला काळपट बोर्ड तिथपर्यंत सहज पोचतो.

बाहेरच्या पक्क्या बोर्डांसाठी एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये गाभा असलेली शीट, हा भरवशाचा पर्याय आहे. ३ मिमीची शीट लहान बोर्डांना चालते, मोठ्यांना ४ मिमी आणि मागे चौकट. आत शिरण्याच्या दाराजवळ किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर मोठं क्षेत्र एसीपीने मढवणार असाल तर आगीला रोधक गाभा असलेली शीट मागा. साध्या शीटचा गाभा पॉलिथिलीनचा असतो आणि तो पेटतो.

ॲक्रिलिक देखणं असतं, पण उन्हाने फुगतं. दर मीटरला दर अंशाला साधारण ०.०७ मिमी. पहाटे आणि दुपारी बोर्डाच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर २.४ मीटरची शीट जवळजवळ ७ मिमी लांब होते. ॲल्युमिनियम तेवढ्याच फरकाला सव्वादोन मिमी वाढतं. म्हणून ॲक्रिलिकची भोकं स्क्रूपेक्षा दोन-तीन मिमी मोठी, मध्ये मऊ वॉशर आणि स्क्रू आवळून न टाकता जेमतेम बसवलेला. भोकातून निघालेले तडे बहुतेक वेळा आवळल्यामुळेच आलेले असतात.

व्हिनाइल, म्हणजे बोर्डावर चिकटवायची पातळ प्लास्टिक फिल्म, घेताना नुसतं 'चांगलं द्या' म्हणू नका. मोनोमेरिक, पॉलिमेरिक आणि कास्ट अशा तीन प्रतींमधून कोणती ते ठरवून लेखी घ्या. मोनोमेरिक आकसतं, कडा सोडतं. सवलतीच्या छोट्या पाट्यांना ते ठीक. पॉलिमेरिक काही वर्षांसाठी, कास्ट दीर्घकाळासाठी. बाहेरच्या छपाईवर अतिनील किरणांपासून वाचवणारं लॅमिनेशन हवंच.

लाकडाची ओढ इथे साहजिक आहे आणि मलाही लाकडी पाट्या आवडतात. पण पाण्याच्या माऱ्यात प्लायवूडची कड फुगते. घन लाकूड घ्या, चारही कडा आणि भोकं आतून तेल किंवा लाखेने बंद करा, आणि दरवर्षी पुन्हा लेप देण्याची तयारी ठेवा. तांब्याची संयुगं वापरून टिकाऊ केलेल्या लाकडावर उघडं ॲल्युमिनियम किंवा साधे गॅल्व्हनाइज्ड खिळे लावू नका, ओलाव्यात ते झपाट्याने गंजतात. तिथे स्टेनलेस स्टील वापरा. स्टेनलेस स्क्रू ॲल्युमिनियमच्या बोर्डात घालतानाही मध्ये नायलॉन किंवा रबरी वॉशर हवा. दोन धातू ओल्यात एकमेकांना टेकले की त्यांतला एक खाल्ला जातो. खारं वारं असेल तर स्टेनलेसची ३१६ प्रत घ्या.

फाइल छपाईला जाण्यापूर्वी

मराठी मजकुराचा सगळ्यात मोठा घात याच टप्प्यावर होतो. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल किंवा जुन्या पद्धतीचा असेल तर जोडाक्षरं तुटतात, रफार उडतो, वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. यावर उपाय म्हणजे मजकूर अंतिम झाल्यावर सगळी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या रेखाकृतींमध्ये, बदलून फाइल द्यायची, सोबत एक पीडीएफ आणि मजकुराचा स्क्रीनशॉट. मूळ, बदलता येणारी फाइल स्वतःकडे जपून ठेवा. शुद्धलेखन डिझाइन करणाऱ्याने तपासून चालत नाही. दुसऱ्या दोन माणसांनी छापील नमुना मोठ्याने वाचावा.

उठावाची कापीव अक्षरं करणार असाल तर देवनागरीत शिरोरेषेमुळे सगळा शब्द एकसंध निघतो. बसवायला ते सोपं, पण लांब शब्द शीटच्या मापात मावतो का ते आधी पाहा. अनुस्वार, नुक्ता आणि चंद्रबिंदूतलं टिंब हे सुटे तुकडे असतात. त्यांना प्रत्येकी दोन पिना द्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात 'कुंड्या'चं 'कुड्या' होतं.

छपाईसाठी फोटो पूर्ण आकारात १०० ते १५० डीपीआय (दर इंचाला ठिपके) असले तरी बोर्डाला पुरतात. हातात धरून वाचायच्या पाटीला मात्र ३०० डीपीआय हवेत. मोठ्या बोर्डांच्या कडेला किमान १० मिमी जादा छपाई सोडा.

खरा बोर्ड बनवण्याआधी महत्त्वाच्या चार-पाच बोर्डांचे पूर्ण मापाचे कागदी नमुने काढा. ए४ कागद जोडून काढलेला काळा-पांढरा प्रिंटही चालतो. ते जागेवर टेपने लावा आणि दुकान न पाहिलेल्या एखाद्या माणसाला सांगा, 'माती कुठे मिळते ते शोध'. तो कुठे अडखळतो ते मागून शांतपणे पाहा, मदत करू नका. त्या एका फेरीत बाण आणि उंचीच्या चुका उघड्या पडतात आणि दुरुस्तीचा खर्च कागदापुरताच राहतो.

वारा आणि पाया

उभ्या बोर्डावरचा वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग मीटर प्रति सेकंदात घेऊन त्याचा वर्ग ०.६ ने गुणला की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ७२ किमी, म्हणजे सेकंदाला २० मीटर वाऱ्याला २४० न्यूटन. वेग दुप्पट झाला की ९६०, म्हणजे चौरस मीटरमागे जवळजवळ १०० किलो. २ मीटर बाय १ मीटरच्या बोर्डावर २०० किलोंचा जोर, तोही अडीच मीटर उंचीवर. बोर्डाच्या आकारामुळे प्रत्यक्षातला जोर याहूनही थोडा जास्त धरतात. एवढी ताकद खांबाच्या बुडाशी येते. रस्त्यालगतच्या किंवा डोक्यावरच्या मोठ्या बोर्डाचा खांब आणि पाया म्हणूनच स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या. फॅब्रिकेटरच्या अंदाजावर तो सोडू नका. स्थानिक प्रशासनाची परवानगीही याच वेळी मागा; बोर्डाचं क्षेत्र, प्रकाश आणि रस्त्यापासूनचं अंतर यांवर बहुतेक ठिकाणी नियम असतात.

खड्डा खणण्याआधी जमिनीखालच्या वाहिन्या शोधा. गार्डन सेंटरमध्ये पाण्याचे पाइप, ठिबकच्या नळ्या आणि पंपाच्या केबल कुठेही निघतात आणि त्यांचा नकाशा क्वचितच असतो. जुन्या माळ्याला विचारा आणि पहिला फूटभर हाताने खणा. काँक्रीटचा माथा जमिनीपासून थोडा वर आणि बाहेर उतरता ठेवा, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचत नाही. ओळंब्याने खांब दोन्ही बाजूंनी तपासून टेकू लावा. सात दिवसांत काँक्रीट पूर्ण ताकदीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत येतं, पूर्ण ताकदीसाठी २८ दिवस धरतात. लहान बोर्डसुद्धा आठवडा पूर्ण होण्याआधी चढवू नका.

बसवण्याचा क्रम

नूतनीकरणाच्या वेळापत्रकात बोर्डांची कामं तीन वेळा येतात. फरसबंदीआधी खांबांचे पाये आणि विजेच्या नळ्या. रंगकाम आणि शेडचं काम झाल्यावर पक्के बोर्ड. झाडं मांडून झाल्यावर बाकांची शीर्षकं आणि पाट्या. शेवटचा टप्पा आधी उरकण्याचा आग्रह धरला जातो, पण माल जागेवर नसताना लावलेल्या पाट्या दुसऱ्या दिवशी हलवाव्याच लागतात.

डोक्यावरच्या बोर्डाची खालची कड जमिनीपासून किमान २.१ मीटर, शक्य तिथे २.४ मीटर ठेवा. उंच झाड ट्रॉलीवर उभं करून नेलं जातं त्या वाटेवर याहून जास्त. मालाच्या गाड्या येतात तिथे सर्वांत उंच गाडी मोजून वर मोकळी जागा सोडा. वाचायच्या बोर्डाचा मध्य दीड मीटरच्या आसपास असावा. व्हीलचेअरवरच्या ग्राहकांसाठी महत्त्वाचा मजकूर १.१ ते १.२ मीटरवरही दिसायला हवा.

हरितगृहाच्या पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याला काहीही अडकवू नका. तो स्वतःच फुगतो-आकसतो आणि भोकातून गळतो. सांगाड्याच्या पाइपला क्लॅम्प लावा, त्यातही पाइपला भोक न पाडणारे. शेडनेटला बोर्ड बांधणं तर सरळ टाळावं.

भिंतीवर अँकर फास्टनर ठोकण्याआधी प्लास्टर आणि आतली वीट किंवा काँक्रीट यांतला फरक ओळखा, कारण पकड आतल्या थरात हवी. पोकळ ब्लॉक असेल तर त्यासाठीचे वेगळे फास्टनर मिळतात. दुहेरी बाजूच्या फोम टेपवर चिकटवायचं असेल तर पृष्ठभाग स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडा करा, दाबून लावा आणि ७२ तास त्यावर पाणी पडू देऊ नका. म्हणजे त्या भागातले फवारे तेवढे दिवस बंद. व्हिनाइल भर उन्हात लावू नये, तापलेल्या शीटवर ते लगेच धरतं आणि फुगे निघत नाहीत. ताज्या रंगावरही लावू नये. रंग पुरता वाळायला हवा, नाहीतर आतून निघणाऱ्या वाफेने फोड येतात.

प्रकाश द्यायचा असेल तर दिवे आणि ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारी पेटी) किमान आयपी ६५ दर्जाचे, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारे, जोड जमिनीपासून उंच, वायरला आत शिरण्याआधी खाली वळसा, म्हणजे थेंब तिथून गळतो. सर्किटवर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे; इथे जमीन कायम ओली असते आणि ग्राहकाचे हातही. १२ व्होल्टच्या एलईडीला लांब वायर दिली की टोकाकडची अक्षरं मंद दिसतात, त्यासाठी ड्रायव्हर जवळ ठेवा किंवा जाड वायर घ्या. वीजकाम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

सुरक्षिततेच्या खुणा स्वतःच्या कल्पनेने रंगवू नका. आयएसओ ७०१० या आंतरराष्ट्रीय मानकातल्या खुणा जगभर ओळखल्या जातात: मनाईला लाल वर्तुळ आणि तिरपी रेघ, सक्तीला निळं वर्तुळ, इशाऱ्याला पिवळा त्रिकोण, बाहेर पडण्याच्या वाटेला हिरवा आयत. दुकानाच्या रंगसंगतीत बसत नाहीत म्हणून त्या बदलायच्या नसतात. कीटकनाशकांचं कपाट, ओली निसरडी वाट, पाण्याची टाकी आणि आग विझवण्याची साधनं, एवढ्या ठिकाणी तरी त्या हव्यात.

ताबा घेताना आणि नंतर

शेवटचं बिल देण्याआधी यादी हातात घेऊन प्रत्येक बोर्डासमोर उभं राहा. क्रमांक, मजकूर, पातळी, स्क्रूंची टोकं, कडांची धार. मुलांच्या उंचीवरची एकही कड हाताला लागता कामा नये. मग फवारे पूर्ण चालू करून पाहा, कुठल्या बोर्डावर पाणी थेट आदळतं. तिथे बोर्ड न हलवता फवाऱ्याचं तोंड वळवणं बहुधा सोपं असतं. जड पाण्याचे पांढरे डाग एकदा बसले की अक्षरं पुसट दिसू लागतात.

पुरवठादाराकडून मूळ फाइली, रंगांचे क्रमांक, व्हिनाइलची प्रत आणि फॉन्टची नावं लेखी घ्या. बाकांच्या शीर्षकांचे काही कोरे बोर्ड आणि हुक त्याच वेळी जादा करून ठेवा, कारण नंतर तोच रंग आणि तीच जाडी जुळत नाही.

पाट्यांची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असावी. आठवड्यातून एकदा तो हरवलेल्या आणि चुकीच्या बाकावर गेलेल्या पाट्या जागेवर आणेल. महिन्यातून एकदा मऊ फडकं, साबणाचं पाणी आणि कात्री घेऊन फेरी मारेल. ॲक्रिलिकला थिनर लावायचा नाही, त्याने बारीक तडे येतात. वादळी हंगामाआधी खांबांचे नट-बोल्ट आणि टांगलेल्या बोर्डांच्या साखळ्या तपासायच्या. आणि बोर्डासमोर आलेली फांदी दिसली तर ती छाटायची की झाडच दोन बाकं पुढे सरकवायचं, हे ठरवण्याचा अधिकारही त्याच माणसाला द्यायचा.